दीड ते चार वीस : नानावटी प्रकरणाचा अभ्यास

प्रेम आहुजाच्या कमरेचा टॉवेल सुटला नव्हता. २७ एप्रिल १९५९ च्या दुपारी मुंबईत सेटलवाड रोडवरच्या 'जीवन ज्योत' इमारतीत, स्वतःच्या बेडरूममध्ये, नुकतीच आंघोळ आटोपलेला हा चौतीस वर्षांचा अविवाहित मोटार-व्यापारी तीन गोळ्या लागून कोसळला, तेव्हा टॉवेल जागच्या जागी होता. पुढे मुंबईच्या फुटपाथवर 'आहुजा टॉवेल' आणि 'नानावटी रिव्हॉल्व्हर' या नावांनी माल खपला. गिऱ्हाइकांना त्यात गंमत वाटली ती उघड्या अंगाची, चोरट्या शृंगाराची. न्यायाधीशांनी मात्र तो टॉवेल फार गंभीरपणे घेतला. आरोपी, नौदल अधिकारी कावस नानावटी, म्हणत होता की रिव्हॉल्व्हरसाठी आम्हा दोघांची झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या. नुसता टॉवेल गुंडाळलेला माणूस जिवावर उदार होऊन झटापट करतो आणि टॉवेलची गाठ ढिलीसुद्धा होत नाही, हे कोर्टाला पटलं नाही.

नवरा समुद्रावर, इंग्लिश बायको मुंबईत एकटी, देखण्या राहणीचा पैसेवाला मित्र, मग गोळ्या. थरारकथेला लागणारा सगळा मसाला या प्रकरणात असल्यामुळे गेली साठ-पासष्ट वर्षं ते तसंच सांगितलं जातं; मराठी रंगभूमीपासून हिंदी पडद्यापर्यंत सगळीकडे. पण निकालपत्रं वाचायला घेतली की लक्ष बेडरूमवरून उडतं. तिथला प्रसंग मिनिटाभराचासुद्धा नाही. खटला फिरला तो त्याआधीच्या पावणेतीन तासांभोवती, आणि मला हे प्रकरण अभ्यासावंसं वाटतं ते त्या तासांसाठी.

कावस माणेकशा नानावटी हा पारशी, भारतीय नौदलात कमांडर. 'आयएनएस म्हैसूर' या युद्धनौकेवर कप्तानाच्या खालोखाल त्याचा हुद्दा. १९४९ मध्ये इंग्लंडात पोर्टस्मथच्या नोंदणी कार्यालयात त्याचं सिल्व्हियाशी लग्न झालं. बदल्या होत होत कुटुंब मुंबईत स्थिरावलं, तीन मुलं झाली. १९५६ मध्ये एका समाईक मित्र-कुटुंबाने या जोडप्याची प्रेम आहुजा आणि त्याची बहीण मेमी यांच्याशी ओळख करून दिली. आहुजा सिंधी, बहिणीबरोबर राहणारा. नानावटी जहाजाबरोबर बाहेर असे तेव्हा सिल्व्हिया आणि आहुजा भेटत गेले, आणि मैत्री शरीरसंबंधापर्यंत गेली. हे कोणी नाकारलं नाही. सिल्व्हियाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून ते मान्य केलं.

आहुजाच्या मृत्यूनंतर तिची पत्रं कोर्टापुढे आली. त्यांतलं २४ मे १९५८ चं पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आदल्या रात्री आहुजा तिच्याजवळ आपल्या लग्नाबद्दल, सांगून येणाऱ्या मुलींबद्दल बोलला होता. ती लिहिते की ते ऐकताना आत काहीतरी तुटलं. तू दुसऱ्या कुणावर प्रेम करशील हा विचारही मला सोसवत नाही. म्हणजे या फायलीत मत्सराची पहिली नोंद आहे ती बायकोची, आणि तीही खुनाच्या जवळजवळ वर्षभर आधीची. नवऱ्याला तोवर पत्ताच नव्हता. प्रियकराच्या होऊ घातलेल्या बायकोविषयी जळणारी ही बाई पुढे लोकांच्या तोंडी 'फसवली गेलेली भोळी परदेशी मुलगी' कशी झाली, हे बघण्यासारखं आहे. मोहात पडलेली, पश्चात्ताप करणारी सिल्व्हिया बचाव पक्षालाही हवी होती आणि वर्तमानपत्रांनाही. पत्रांतली सिल्व्हिया यापेक्षा गुंतागुंतीची आहे. तिला आहुजा हवा होता, त्याने लग्न करावं हे हवं होतं, आणि तो टाळतो आहे हेही तिला दिसत होतं.

एप्रिलमध्ये नानावटी काही दिवस जहाजाबरोबर बाहेर जाऊन १८ तारखेला परतला. बायको बदललेली त्याला जाणवली. जवळ गेलं की अंग आखडून घेई.

मग सोमवार, २७ एप्रिल. सकाळी दोघं आजारी कुत्र्याला घेऊन परळच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. परत येताना मेट्रो टॉकीजपाशी गाडी थांबवून नानावटीने दुपारी साडेतीनच्या खेळाची तिकिटं काढली. घरी आल्यावर जेवण वाढायची वाट बघत दोघं बैठकीच्या खोलीत बसली होती. त्याने प्रेमाने तिच्या खांद्याभोवती हात टाकला आणि ती ताठरली. या सगळ्या प्रकरणात नवरा-बायकोच्या शारीरिक जवळिकीचा पुराव्यात आलेला प्रसंग हा एवढाच, आणि तो नकाराचा आहे. जेवणं झाल्यावर त्याने विचारलं, तू माझ्याशी एकनिष्ठ राहिली आहेस का? तिने मान हलवून 'नाही' सांगितलं. कोण, हे त्याने ताडलं.

यापुढचं संभाषण सिल्व्हियानेच साक्षीत सांगितलं आहे. तो एकदम उठला, आहुजाकडे जाऊन सोक्षमोक्ष लावतो म्हणाला. तिने दंड धरला. जाऊ नकोस, तो तुझ्यावर गोळी झाडेल. तो म्हणाला, माझी काळजी करू नकोस, मी स्वतःलाच गोळी घालून घेईन. त्यावर ती म्हणाली की तू का मरायचं, यात निर्दोष तर तूच आहेस. मग तो थोडा शांत झाला आणि त्याने विचारलं, आहुजा तुझ्याशी लग्न करायला तयार आहे का? मुलांना सांभाळेल का? तिने उत्तर टाळलं. आहुजा लग्न टाळतो आहे हे कबूल करायची तिला लाज वाटली.

दीडच्या सुमाराला नानावटी घराबाहेर पडला. बायको, दोन मुलं आणि शेजाऱ्यांचं एक मूल यांना त्याने सिनेमाला सोडलं; सहा वाजता न्यायला येतो म्हणाला. कुत्र्याचं औषध आणायचं म्हणून जहाजावर गेला. तिथे ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याला सांगितलं की रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचं आहे, रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या हव्यात. रात्रीचा घाटरस्ता आणि गाडीत एकटा माणूस असं म्हटल्यावर कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. हत्यार मिळालं, ते त्याने तपकिरी पाकिटात घातलं. आधी आहुजाच्या ऑफिसात गेला. तो तिथे नव्हता. मग फ्लॅटवर. नोकराने दार उघडलं, नानावटी सरळ बेडरूममध्ये शिरला आणि मागे दार लावून घेतलं. वेळ चार वीस.

हा क्रम सलग वाचला की एक गोष्ट जाणवते. दुपारभर त्याने केलेली बाकीची सगळी कामं गृहस्थाची आहेत. तिकिटं वाया जाऊ नयेत, मुलांचा सिनेमा बुडू नये, शेजाऱ्यांच्या मुलालाही न्यायचं ठरलंय तर न्यावं, कुत्र्याचं औषध राहू नये. आणि त्याच फेरीत रिव्हॉल्व्हर. डोक्यात रक्त चढलेला माणूस म्हणून आपल्यासमोर जे चित्र येतं त्यात हे बसत नाही. मत्सराने पेटलेला माणूस पिसाळतो ही समजूत कथाकादंबऱ्यांनी आपल्याकडे इतकी रुजवली आहे, की शिस्तीत गाडी चालवणारा मत्सर आपल्याला ओळखूच येत नाही. खटल्यात दोषी की निर्दोष असा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला, म्हणजे ज्यूरीलाही, तो ओळखता आला नाही असं मला वाटतं.

बेडरूममध्ये काय झालं हे सांगायला एकच माणूस उरला होता. नानावटीचं म्हणणं असं: मी त्याला शिवी दिली, सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळणार का असं विचारलं. तो उलट म्हणाला, मी जिच्या जिच्याबरोबर झोपतो त्या प्रत्येकीशी लग्न करायचं का? मी चिडलो, पाकीट कपाटावर ठेवलं, तुला बदडून काढतो म्हणालो. त्याने पाकिटाकडे हात टाकला, मी आधी रिव्हॉल्व्हर काढलं, झटापट झाली, गोळ्या आपोआप सुटल्या.

आहुजाच्या तोंडचं ते वाक्य मुंबईभर झालं. बसमध्ये, इराण्याकडे, घराघरांत लोक ते पाठ म्हणत होते. ते वाक्य खरोखर उच्चारलं गेलं याला आरोपीच्या शब्दापलीकडे आधार नव्हता, पण लोकांच्या लेखी खटला तिथेच संपला होता. पोलिसांकडे गेलेला वर्दीतला अधिकारी विरुद्ध असं बोलणारा चैनी माणूस! मृताला स्वतःची बाजू मांडता येत नाही आणि या मृताची बाजू मांडायची कोणाला फारशी इच्छाही नव्हती, बहीण मेमी सोडून.

गोळीबारानंतर नानावटी पळाला नाही. इमारतीच्या वॉचमनशी बोलला, गाडी घेऊन निघाला, नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलकडे (नौदलातल्या पोलिसांच्या प्रमुखाकडे), कमांडर सॅम्युएल यांच्याकडे गेला. नक्की काय झालं कळत नाही, पण मी एका माणसावर गोळी झाडली असं वाटतं, असं त्यांना म्हणाला. त्यांनी त्याला पोलिसांकडे पाठवलं आणि तो क्राइम ब्रँचचे उपायुक्त जॉन लोबो यांच्यापुढे हजर झाला. या सरळपणाने त्याला लोकांची सहानुभूती मिळाली. कोर्टात मात्र याच वागण्याचा दुसरा अर्थ निघाला: मेमी समोर येऊन विचारत होती, वॉचमन अडवत होता, वरिष्ठ अधिकारी विचारत होते, आणि यांपैकी कोणालाही त्याने 'अपघात झाला, झटापटीत गोळी सुटली' असं सांगितलं नाही.

सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांच्यापुढे खास ज्यूरीसमोर खटला चालला. बचावाला कार्ल खंडालावाला. सरकारी बाजूने सी. एम. त्रिवेदी, आणि मेमीच्या वतीने फिर्यादी पक्षाला मदत करणाऱ्यांत तरुण राम जेठमलानी. बचावाची खरी अडचण इथे सुरू होते आणि ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण सर्वसाधारण लोकांना वाटतं की नानावटीने 'रागाच्या भरात मारलं' असा बचाव घेतला. त्याचा मुख्य बचाव तो नव्हताच. मुख्य बचाव होता अपघात: मी झाडलीच नाही, सुटली. भारतीय दंड संहितेच्या कलम ८० खाली अपघात म्हणजे गुन्हाच नाही, पूर्ण सुटका. 'गंभीर आणि अचानक प्रक्षोभ' हा कलम ३०० चा पहिला अपवाद; तो मान्य झाला तरी सुटका नाही, खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे शिक्षा कमी. दोन्ही बचाव एका ताटात जेवू शकत नाहीत. गोळी आपोआप सुटली असेल तर राग आला होता की नव्हता याला अर्थ नाही; आणि रागाने झाडली असेल तर ती आपोआप सुटली नाही. तरीही दोन्ही मांडले गेले, आणि ज्यूरीच्या मनात ते एकमेकांना छेद देण्याऐवजी एकमेकांत विरघळले असावेत: बिचाऱ्याला केवढा राग आला असेल, आणि तसा मारायचा हेतूही नव्हता.

ऑक्टोबर १९५९ मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी 'निर्दोष' असा कौल दिला. न्यायाधीश मेहतांनी तो स्वीकारला नाही. कोणताही समंजस माणूस या पुराव्यावर असा कौल देणार नाही असं मत नोंदवून त्यांनी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. ही तरतूद त्यासाठीच होती.

बाहेर काय चाललं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आधीच भरपूर लिहिलं गेलं आहे. रुसी करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटीची बाजू उघडपणे घेतली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जात होता असं सांगतात. पारशी समाज मोठ्या संख्येने त्याच्या मागे उभा राहिला, सिंधी समाजात मेमीच्या बाजूने भावना होती. आरोपी खटलाभर नौदलाच्या ताब्यात होता, साध्या कैद्यासारखा तुरुंगात नव्हता.

उच्च न्यायालयात न्यायमूर्ती शेलत आणि नाईक यांच्या खंडपीठापुढे सरकारची बाजू मांडली ती पुण्याचे यशवंतराव विष्णु चंद्रचूड यांनी. तेव्हा ते सरकारी वकील होते. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. खंडपीठाला सत्र न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनातच चुका सापडल्या. अपवादाचा फायदा हवा असेल तर तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, ही गोष्ट ज्यूरीला नीट सांगितलीच गेली नव्हती. ११ मार्च १९६० ला नानावटी खुनाबद्दल दोषी ठरला, जन्मठेप झाली. आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी सर्वोच्च न्यायालयातलं अपील निकालात निघेपर्यंत शिक्षा स्थगित केली. त्याला 'आयएनएस कुंजाली' या नौदलाच्या तळावर ठेवायचं, एवढीच अट. अटकेचं वॉरंट न बजावता परत आलं. एकाच दिवसात शिक्षा आणि स्थगिती. मुंबई राज्य तेव्हा शेवटचे दोन महिने मोजत होतं. महाराष्ट्र झाल्यावर खटल्याच्या शीर्षकात 'स्टेट ऑफ महाराष्ट्र' आलं ते याच प्रकरणाच्या मध्यावर. राज्यपालांच्या अधिकाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे गेला आणि ५ सप्टेंबर १९६० ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला: प्रकरण या न्यायालयापुढे असताना राज्यपालांची ती स्थगिती चालणार नाही. मग नानावटीला नौदलाचा आसरा सोडावा लागला.

२४ नोव्हेंबर १९६१ चा अंतिम निकाल न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी लिहिला. प्रक्षोभाचा कायदा भारतात कसा वाचायचा हे अजूनही याच निकालावरून शिकवलं जातं. कसोटी अशी की त्याच समाजातला, त्याच परिस्थितीतला एखादा सामान्य समंजस माणूस स्वतःवरचा ताबा घालवून बसला असता का? शब्द आणि हावभावही प्रक्षोभक ठरू शकतात, आधीपासून साचत आलेली मनःस्थितीही लक्षात घेता येते. बायकोची कबुली हा गंभीर प्रक्षोभ होता, इथपर्यंत कोर्ट आरोपीबरोबर चालत आलं. पण जिवावर उठवणारा घाव त्याच उद्रेकातून आला पाहिजे. मन थंड व्हायला, विचार करायला वेळ मिळून गेल्यावर नाही. आणि मग घड्याळ काढलं गेलं. दीड वाजता घर सोडलं, चार वीसला खून झाला. मधल्या वेळात सिनेमा, जहाज, खोटं कारण, रिव्हॉल्व्हर, ऑफिस, फ्लॅट.

यातला सर्वांत धारदार मुद्दा मात्र वेळेचा नाही. आरोपीच सांगतो की मी सिल्व्हियाच्या आणि मुलांच्या पुढच्या आयुष्याचा विचार करत होतो, आहुजा लग्न करेल का हे विचारायला गेलो. कोर्ट म्हणालं, हे खरं धरलं तर त्याचा अर्थ असा की त्याचा ताबा परत आलेला होता. तो भविष्याची आखणी करत होता. म्हणजे ज्या हळवेपणाने ज्यूरीचं मन जिंकलं, तोच हळवेपणा खुनाच्या पूर्वतयारीचा पुरावा झाला. सिल्व्हियाची साक्षही अशीच उलटली. ती नवऱ्याला वाचवायला उभी राहिली होती. त्याच्या संतापाचं, आत्महत्येच्या बोलण्याचं वर्णन तिने केलं, आणि त्याच ओघात सांगून गेली की त्यानंतर तो थोडा शांत झाला. फिर्यादी पक्षाने कितीही साक्षीदार आणले असते तरी इतकं उपयोगी वाक्य त्यांना मिळालं नसतं. बचाव पक्षाच्या वकिलाला ते ऐकताना काय वाटलं असेल, याची कल्पना कोणताही वकील करू शकेल. आहुजाच्या त्या कुप्रसिद्ध उत्तराचाही असाच निकाल लागला: तू शिवी दिलीस, त्याने तशीच परतफेड केली, एवढ्यावर खुनाला प्रक्षोभ मिळाला असं म्हणता येणार नाही.

इथे मला कायद्याच्या दुसऱ्या एका कलमाकडे वळावंसं वाटतं, कारण लोकभावनेचं मूळ तिथे दिसतं. त्या वेळी दंड संहितेत कलम ४९७ होतं, व्यभिचाराचं. दुसऱ्याच्या बायकोशी, त्या नवऱ्याच्या संमतीवाचून, संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. बायको गुन्हेगार नाही, साथीदार म्हणूनसुद्धा नाही. तक्रार करायची ती नवऱ्याने. बायकोने बाहेरख्याली नवऱ्याविरुद्ध या कलमाखाली तक्रार करायची सोय नव्हती. याचा ढाचाच असा की बायको ही नवऱ्याच्या ताब्यातली गोष्ट, तिचा चोर तो दुसरा पुरुष. मुंबईच्या रस्त्यावरची नीतिमत्ता याहून वेगळी नव्हती. सिल्व्हियाला माफी, कारण तिने 'केलं' असं धरलंच जात नव्हतं, तिच्याबाबतीत 'झालं'. नानावटी मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात जाऊन आहुजाविरुद्ध तक्रार दाखल करू शकत होता. त्याच्या पाठीराख्यांपैकी कोणालाही ही वाट आठवली नाही. आठवली असती तर ती नामर्दपणाची वाटली असती, असं त्या काळचे मथळे बघून म्हणावंसं वाटतं.

१९८५ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात आलेली याचिका फेटाळली गेली. निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचा. नानावटीविरुद्ध उच्च न्यायालयात उभे राहिलेले वकील ते हेच. २७ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी एकमताने कलम ४९७ रद्द केलं, तेव्हा त्यांतलं एक स्वतंत्र निकालपत्र त्यांच्या चिरंजीवांचं, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं होतं. लग्न झालं म्हणून बाईचं स्वतःच्या शरीरावरचं स्वत्व नवऱ्याकडे जात नाही, असा त्याचा रोख. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सैन्यदलांच्या शिस्तीच्या कारवाईला या निकालाने बाध येत नाही. नव्या भारतीय न्याय संहितेत व्यभिचाराचं कलम नाही, प्रक्षोभाचा अपवाद मात्र कलम १०१ मध्ये जवळपास तसाच उतरला आहे. त्यामुळे आज असं प्रकरण घडलं तर वकील पहिल्यांदा उघडतील तो १९६१ चाच निकाल.

जन्मठेप झाली, पण जन्मभर काही नाही. नानावटी सगळा मिळून तीनेक वर्षं तुरुंगात राहिला, मग प्रकृतीच्या कारणावरून पॅरोलवर लोणावळ्याला. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्याला माफी दिली. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापारी आणि स्वातंत्र्यसैनिकालाही माफी मिळाली; आयात परवान्याच्या प्रकरणात त्याला शिक्षा झालेली होती. दोन समाजांचा तोल त्यातून साधला गेला. मेमीने माफीला हरकत नसल्याचं लिहून दिलं, हे जेठमलानी यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे. १९६८ मध्ये नानावटी कुटुंब कॅनडाला गेलं. कावस २००३ मध्ये तिथेच वारला. नवरा-बायको अखेरपर्यंत एकत्र होती. त्याचं वर्णन कोणी प्रेमाचा विजय असं करतं, कोणी तडजोड; बाहेरच्याने त्यात पडू नये.

या खटल्याने भारतातली ज्यूरी संपवली, हे वाक्य मात्र दर लेखात सापडतं आणि ते बरोबर नाही. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९५८ सालच्या चौदाव्या अहवालातच ज्यूरी बंद करायची शिफारस केली होती, म्हणजे आहुजा जिवंत असताना. नानावटीनंतरही काही ठिकाणी ज्यूरी बसत राहिली, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. तिचा एक अवशेष अजून चालू आहे: १९३६ च्या पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्याखाली मुंबईच्या पारशी मॅट्रिमोनियल कोर्टात न्यायाधीशाबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी बसतात आणि वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर मत देतात. नानावटी जोडप्याला त्याचा उपयोग नव्हता. तो कायदा लागू व्हायला नवरा-बायको दोघंही पारशी लागतात. सिल्व्हिया पारशी नव्हती आणि त्यांचं लग्नही पोर्टस्मथच्या नोंदवहीतलं होतं.